मोटारीचे धुरकट दिवे : उजळावेत की बदलावेत?

पावसाळा सरून दसरा-दिवाळी जवळ आली की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांचे रूप पालटते. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवरून ऊस भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व मालमोटारी रात्रंदिवस ये-जा करू लागतात. बैलगाडीला स्वतःचा दिवा नसतो. ट्रॉलीचे मागील दिवे असलेच तर ते पुष्कळदा उसाच्या लोंबत्या वाढ्यांआड झाकलेले असतात. अंधाऱ्या रात्री मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाला या गाड्या दिसतात त्या केवळ आपल्या मोटारीच्या उजेडात. तो उजेड पुरेसा दूरवर पोचला, तर गाडीवान, त्याचे बैल आणि मोटारीतील माणसे सुखरूप राहतात. न पोचला तर काय होते, हे या भागातील गावांना चांगले ठाऊक आहे.

या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारींमध्ये दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाड्या काही थोड्या नसतात. शिक्षक, डॉक्टर, ग्रामपंचायत अधिकारी, लहान व्यापारी अशा अनेकांची ती रोजची गरज असते. गाडीचे इंजिन, ब्रेक, टायर यांची देखभाल मालक आवर्जून करतात. परंतु पुढील दिव्यांच्या आवरणावर पिवळसर, धुरकट थर चढला, तर ‘गाडी जुनी झाली’ एवढेच म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. तो रात्रीच्या प्रवासातील सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आणि सुदैवाने बहुतेक वेळा तो थोड्या खर्चात व थोड्या श्रमात सुटणारा आहे.

काचेकडून प्लास्टिककडे

जुन्या अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीचे गोल दिवे अनेकांना आठवत असतील. त्यांचे पुढील आवरण खऱ्या काचेचे असे. काच उन्हाने पिवळी पडत नाही. दगड लागला तर ती तडकते, आतील परावर्तकाचा मुलामा कालांतराने उडतो. पण काचेचा पारदर्शकपणा वर्षानुवर्षे टिकतो.

पुढे काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली. हा पदार्थ १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी व अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांच्या नकळत, स्वतंत्रपणे तयार केला. काचेच्या तुलनेत त्याचे वजन निम्म्याहून कमी भरते, आघात सोसण्याची त्याची शक्ती काचेपेक्षा कितीतरी अधिक असते आणि साच्यात ओतून त्याला हवा तो आकार देता येतो. गाणी व चित्रपट साठविण्याच्या चकत्या, म्हणजे सीडी, याच पदार्थाच्या असतात. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे अनेक जारही त्याचेच बनविले जातात. मोटारीच्या दिव्यांसाठी प्लास्टिकच्या आवरणाचा मार्ग अमेरिकेत १९८३ मध्ये, तर युरोपात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोकळा झाला. त्यानंतर भारतातील मोटारींवरही अशी आवरणे क्रमाक्रमाने आली. लोक त्यांना अद्याप काचच म्हणतात, आणि काचेसारखीच ती कायम स्वच्छ राहतील असे गृहीत धरतात. गैरसमजाची सुरुवात येथेच होते.

थर कसा चढतो

पॉलिकार्बोनेटचे दोन दोष आहेत. एक, तो मऊ असल्याने त्यावर सहज ओरखडे उठतात. दुसरा, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची रचना बदलते व तो पिवळा पडू लागतो. हे दोष झाकण्यासाठी कारखान्यातच आवरणाच्या बाह्य पृष्ठभागावर एक कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो. हा लेप माणसाच्या केसाहूनही पुष्कळ पातळ असतो. प्लास्टिकचे खरे रक्षण तोच करतो.

वर्षानुवर्षे ऊन लागून हा लेप झिजतो. आतील बल्बची उष्णता, रस्त्यावरील धूळ व खडीचे कण, पावसाळ्यातील चिखल, पक्ष्यांची विष्ठा आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची आपली सवय, या साऱ्यांची त्यात भर पडते. लेपाला सूक्ष्म भेगा जातात, कोठे कोठे त्याचे पापुद्रे सुटतात आणि उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर उन्हाचा थेट मारा सुरू होतो. आवरणाचा वरचा भाग आकाशाकडे असल्यामुळे धुरकटपणाची सुरुवात बहुधा तेथून होते. सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत पहिली लक्षणे तीन ते पाच वर्षांतही दिसू शकतात.

खडबडीत झालेल्या पृष्ठभागातून प्रकाश सरळ पार होत नाही. तो वाटेल त्या दिशांना विखुरतो. हे समजावून देणारा एक सोपा प्रयोग शाळेत करून दाखविता येईल. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बारीक पॉलिश पेपरने घासावा. तो दुधी दिसू लागेल. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकताच तेवढी जागा पुन्हा पारदर्शक दिसते, कारण पाणी ओरखड्यांच्या खाचा भरून काढते व पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो. पाणी वाळले की धुके परत येते. मोटारीच्या दिव्याची परीक्षाही याच रीतीने करावयाची असते. तिचा उल्लेख पुढे येईल.

उजेड किती घटतो

धुरकट दिव्यांचा प्रकाश किती कमी होतो, याचे मोजमाप अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे अकरा वर्षे वापरलेल्या मोटारींचे खराब झालेले दिवे नव्या दिव्यांच्या तुलनेत जेमतेम एक-पंचमांश उजेड देत असल्याचे त्यात आढळले. मूळ उत्पादकाचे नवे दिवे बसविल्यावर उजेड पूर्ववत झाला. अन्य उत्पादकांच्या दिव्यांनी ८३ ते ९० टक्के उजेड दिला. जुनेच आवरण घासून उजळल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला.

एक-पंचमांश उजेडाचा व्यवहारातील अर्थ एका ढोबळ हिशेबाने ध्यानात येईल. चालक ज्याला डिपर म्हणतात त्या खालच्या झोतात, सुस्थितीतील दिव्याने, अंधारातील विनादिव्याची गडद वस्तू साधारणतः ४० ते ६० मीटरवरून दिसते. ते अंतर ५० मीटर धरू. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. म्हणून उजेड एक-पंचमांश झाला की दिसण्याचे अंतर ५० मीटरवरून सुमारे २२ मीटरवर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद लागतो असे मानले, तरी तेवढ्या अवधीत मोटार २५ मीटर गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास आणखी २३ मीटर तरी हवेत. म्हणजे चांगल्या दिव्यांची मोटार बैलगाडीच्या अलीकडे कशीबशी थांबू शकते. धुरकट दिव्यांच्या मोटारीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यापूर्वीच टक्कर झालेली असते.

दुसरा धोका समोरून येणाऱ्यास असतो. विखुरलेला प्रकाश रस्त्यावर न पडता समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर जातो. स्वतःला दिसत नाही आणि दुसऱ्यालाही दिसू दिले जात नाही, अशी ही दुहेरी हानी आहे. त्यातच, उजेड कमी वाटू लागला की चालक सतत अप्परवर, म्हणजे वरच्या झोतावर गाडी चालवू लागतो किंवा अधिक शक्तीचा बल्ब बसवितो. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांपुढे आणखीच अंधारी येते.

हा सारा बदल इतक्या सावकाश होतो की मालकाच्या तो लक्षातही येत नाही. डोळ्यात मोतीबिंदू वाढावा तसा तो वाढतो. चालक कधी आपल्या दृष्टीला दोष देतो, कधी रस्त्याला, कधी समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना. आपल्याच गाडीसमोर उभे राहून तिचे दिवे पाहावेत, हे मात्र सुचत नाही.

आधी निदान, मग उपाय

दिवा मंद असण्याचे कारण नेहमी आवरणच असते असे नाही. म्हणून घासकाम करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

पहिली परीक्षा पाण्याची. दिवे साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावेत व ओले असतानाच पाहावेत. ओले आवरण बरेचसे स्वच्छ दिसत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे व तो घासून जाण्यासारखा आहे. ओले असतानाही धुके तसेच राहिले, तर दोष आतल्या बाजूस किंवा प्लास्टिकच्या पोटात आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा आतील ओलीची. आवरणाच्या आत पाण्याचे थेंब साचत असतील तर दिव्याचा जोड सुटला आहे, मागील रबरी टोपण सैल आहे किंवा हवा जाण्याची बारीक वाट बुजली आहे. केवळ बाहेरून घासल्याने हा दोष दूर होत नाही.

तिसरी परीक्षा परावर्तकाची. बल्बमागील चकचकीत पृष्ठभाग काळवंडला असेल, त्याचा मुलामा उडाला असेल किंवा तो भाजल्यासारखा दिसत असेल, तर पुढील आवरण कितीही उजळले तरी उजेड परत येणार नाही.

चौथी परीक्षा विजेची. जुन्या गाडीत तारांचे जोड गंजतात, अर्थिंग सैल होते. बल्बपर्यंत पोचणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झाले, तर हॅलोजन बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. वाहन-विद्युत कारागीर मीटर लावून ही तपासणी काही मिनिटांत करू शकतो. बल्ब जुना होऊन त्याची काच काळी पडली असेल, तर तोही बदलावा. मात्र नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून तो लवकर निकामी होतो.

उजळण्याची रीत

दोष बाहेरच्या पृष्ठभागावरच आहे अशी खात्री झाल्यावर काम हाती घ्यावे. त्यासाठी लागणारे साहित्य रंगाच्या वा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते : ८००, १०००, १५०० व २००० क्रमांकांचे वॉटर पेपर, चिकटपट्टी, पाण्याचा फवारा, स्वच्छ सुती फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिनील किरणांपासून रक्षण करणारा दिव्यांसाठीचा पारदर्शक लेप. हे सारे साहित्य एकत्र असलेले संचही मिळतात. शक्य असल्यास दिवा गाडीवरून उतरवून काम करावे. उतरविता येत नसेल तर सभोवतालच्या रंगावर चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत. पेपर एकदा जरी रंगावर घसरला तरी ओरखडा राहतो.

दिवा धुऊन झाल्यावर ८०० क्रमांकाच्या पेपरने, पाणी सतत शिंपडत, हलक्या हाताने घासण्यास सुरुवात करावी. जुन्या लेपाचे पापुद्रे जाड असतील तर आरंभ ६०० क्रमांकापासून करावा लागतो. प्रारंभी निघणारे पाणी पिवळट असते. ते पांढरे निघू लागले व पृष्ठभाग सर्वत्र सारखा दुधी दिसू लागला की जुना लेप पूर्णपणे निघाला असे समजावे. या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. परंतु अर्धवट राहिलेला जुना लेप हाच पुढे डाग पडण्याचे कारण ठरतो. म्हणून हा टप्पा घाईने आटोपू नये.

यानंतर क्रमाने १०००, १५०० व २००० क्रमांकांचे पेपर वापरावेत. एका पेपरने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. प्रत्येक टप्प्यानंतर दिवा धुवावा, अन्यथा जाड कण बारीक पेपराखाली येऊन नवे ओरखडे पाडतात. शेवटच्या पेपरानंतर दिवा एकसारखा, मंद दुधी दिसावा. लेपाच्या डब्यावरील सूचनेत पॉलिश करण्यास सांगितले असेल तरच रबिंग कंपाउंडने पॉलिश करावे. कंपाउंडचा तेलकट अंश राहिल्यास लेप धरत नाही. म्हणून अखेरीस अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पृष्ठभाग पुसून घ्यावा व नंतर त्याला हात लावू नये.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा लेपाचा होय. सावलीत, वारा व धूळ नसलेल्या जागी, डब्यावरील सूचनेप्रमाणे पातळ व एकसारखा लेप द्यावा. तो लागताच दुधीपणा नाहीसा होतो, कारण पाण्याच्या प्रयोगाप्रमाणेच तो खाचा भरून काढतो. फरक एवढाच की हा वाळून निघून जात नाही. लेप पक्का होण्यास साधारणतः एक दिवस लागतो. तोवर गाडी पावसात नेऊ नये व धुऊ नये. दोन घटक मिसळून फवाऱ्याने दिले जाणारे लेप अधिक टिकाऊ असतात. तथापि त्यांच्या कठीणकारक घटकाची वाफ फुप्फुसांस अपायकारक असल्यामुळे ते काम योग्य मुखवटा व फवाऱ्याची सोय असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडेच सोपवावे.

झटपट उपायांचा भ्रम

दात घासण्याची पेस्ट लावून दिवे चमकविण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. पेस्टमध्ये बारीक घर्षक कण असल्यामुळे वरचा मळ निघतो व दिवा काही काळ उजळ दिसतो, हे खरे आहे. पण त्याबरोबर शिल्लक लेपही झिजतो आणि त्या जागी नवा लेप काही येत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो, आणि पहिल्यापेक्षा लवकर पडतो. नुसते कंपाउंडने पॉलिश केले तरी हेच घडते. लेपाविना केलेले कोणतेही घासकाम म्हणजे गळके छप्पर पुसून कोरडे करण्यासारखे आहे.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी दिवे पुसणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. अशा द्रावकांनी पॉलिकार्बोनेटला आतून बारीक तडे जातात व ते तडे पुन्हा कधीही बुजत नाहीत. डास पळविणारा फवारा मारून दिवे स्वच्छ होतात असेही सांगितले जाते. तो फवारा प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करतो व क्षणभर चमक देतो. नुकसान नंतर दिसते. काही ठिकाणी रसायनाची गरम वाफ देऊन दिवे क्षणात पारदर्शक करून दिले जातात. डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांची वाफ प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून गुळगुळीत करते. ती वाफ कारागिराच्या आरोग्यास घातक असते. शिवाय अतिनील किरणांपासून रक्षण करणारा लेप या पद्धतीत मिळत नाही. काम करून घेणाऱ्याने ‘शेवटी लेप कोणता देणार?’ हा एकच प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरावरून कामाची प्रत कळते.

दिवा बदलणे केव्हा योग्य

आवरणाच्या पोटात तडे गेले असतील, परावर्तक निकामी झाला असेल, आत वारंवार पाणी शिरत असेल, दिवा गाडीला धरून ठेवणाऱ्या कड्या तुटल्या असतील किंवा दोनतीनदा घासूनही धुके परत येत असेल, तर दिवा बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. वर दिलेल्या मोजमापांवरूनही हे स्पष्ट होते की उजळलेला दिवा नव्या दिव्याची पूर्ण बरोबरी करीत नाही. ज्याला रोज रात्री घाटातून किंवा अंधाऱ्या रस्त्याने जावे लागते, त्याने नव्या दिव्याचा खर्च वायफळ मानू नये.

खरेदी करताना स्वस्ताईपेक्षा मान्यतेच्या खुणेकडे लक्ष द्यावे. मान्यताप्राप्त दिव्याच्या आवरणावर वर्तुळात किंवा चौकटीत अक्षर व अंक उमटविलेले असतात. अशा दिव्यांची प्रयोगशाळेत चाचणी झालेली असते. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आपल्या देशात या स्वरूपाच्या चाचण्या करते. परदेशी गाडीवरून काढलेले जुने दिवे घेताना एक विशेष दक्षता घ्यावी. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून खालचा झोत डावीकडे किंचित वर उचललेला असतो, म्हणजे रस्त्याची कड दिसते व समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनविलेला दिवा याच्या उलट, नेमका समोरच्या गाडीवर प्रकाश टाकतो.

हॅलोजनसाठी बनविलेल्या दिव्यात बाजारातील एलईडी बल्ब बसविणे हाही बदल नव्हे, बिघाडच होय. परावर्तकाची रचना हॅलोजनच्या बारीक तंतूच्या जागेनुसार केलेली असते. तेथे वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की झोत विस्कटतो. हॅलोजनचा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी १०० वॅटचा बसविल्यास उष्णतेने आवरण, परावर्तक व तारा तिन्ही खराब होतात. म्हणजे ज्या रोगावर उपाय करावयाचा, तोच वाढतो.

शक्यतो दोन्ही बाजूंचे दिवे एकाच वेळी बदलावेत किंवा उजळावेत. एक डोळा तेज व एक मंद असलेली मोटार दुरून मोटारसायकलसारखी भासते आणि समोरचा चालक फसतो.

झोताची दिशा

दिवे उतरवून पुन्हा बसविल्यावर झोताची दिशा तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीची रेघ आखावी. खालच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारणतः १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. उतार किती टक्के असावा याचा आकडा अनेक दिव्यांवर किंवा त्यांच्या जवळ छापलेला असतो. तो प्रमाण मानावा. दिव्यामागील स्क्रू फिरवून ही जुळणी करता येते. उजळलेला पण चुकीच्या दिशेने लागलेला दिवा धुरकट दिव्याहून कमी धोक्याचा नसतो.

नियम काय सांगतात

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे असे असले पाहिजेत की १५५ मीटर पुढील माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत. नियम १०६ अन्वये समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा झोत खाली वळविण्याची सोय असणे बंधनकारक आहे. एका नियमात स्वतःच्या दृष्टीची, तर दुसऱ्यात परक्याच्या दृष्टीची चिंता वाहिली आहे. धुरकट दिवा या दोन्ही नियमांच्या हेतूला बाधा आणतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी होणाऱ्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. प्रवासी व मालवाहतुकीच्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. शासन, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. त्यामुळे अशा संस्थांच्या ताफ्यात त्याहून कमी वयाच्या, परंतु दिवे धुरकटलेल्या गाड्यांची निगा हाच खरा प्रश्न उरतो. तपासणीची तारीख येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. रस्त्यावरचा अंधार ती तारीख पाहून येत नाही.

पंचायती व शाळांना करता येण्यासारखे

गाडी सावलीत किंवा छपराखाली उभी करणे, ते शक्य नसेल तर पुढील भागावर कापड टाकणे, धूळ कोरडी न पुसता पाण्याने धुणे, पक्ष्यांची विष्ठा त्वरित काढणे, या साध्या सवयींनी नव्या लेपाचे आयुष्य वाढते. चांगला लेप दिलेला दिवा साधारणतः वर्ष-दोन वर्षे स्वच्छ राहतो. पुढे धुकेपणाची पहिली छटा दिसताच लेप नव्याने द्यावा, म्हणजे पुन्हा फार घासावे लागत नाही.

गाळप हंगामापूर्वी ग्रामपंचायतीच्या पटांगणात एका संध्याकाळी गावातील वाहनांच्या दिव्यांची तपासणी ठेवता येईल. भिंतीवर एक रेघ, पाण्याची एक बादली व गावातील एखादा जाणता कारागीर एवढ्यावर हे काम भागते. शाळेची मुले ने-आण करणारी वाहने, रुग्णवाहिका व घंटागाडी यांपासून त्याची सुरुवात व्हावी. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना व ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या परावर्तक पट्ट्या त्याच वेळी लावल्या, तर या उपक्रमाचा लाभ दुप्पट होईल. पट्टी तेव्हाच चमकते, जेव्हा तिच्यावर प्रकाश पडतो. शिक्षकांनी पाण्याच्या थेंबांचा तो प्रयोग वर्गात करून दाखविला, तर मुले घरी जाऊन आपल्या वडिलांच्या गाडीचे दिवे प्रथम पाहतील.

पहाटेच्या अंधारात कारखान्याकडे निघालेला गाडीवान आपल्या मागे कोणती मोटार येत आहे, हे पाहू शकत नाही. त्याला पाहण्याची जबाबदारी मोटारीच्या मालकाची आहे. वॉटर पेपरचे चार तुकडे, एक लेप व अर्ध्या दिवसाचे श्रम यांनी ती जबाबदारी बव्हंशी पार पडत असेल, तर ती पुढील हंगामावर टाकणे योग्य होणार नाही.